एश्टरनाखची नाचती मिरवणूक

लक्झेंबर्गच्या पूर्व सीमेवरच्या एश्टरनाख गावात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी सकाळी रस्ते गजबजतात. पांढरे सदरे आणि काळ्या विजारी किंवा घागरे घातलेले लोक रांगा धरून उभे असतात. हात हातात घ्यायचा नाही. शेजाऱ्याच्या रुमालाचं टोक धरायचं. बँडवर पोल्कासारखी एकच धून पुन्हा पुन्हा वाजते आणि हजारो माणसं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उड्या घेत बॅसिलिकेकडे सरकतात. आत तळघरात विलिब्रॉर्डची कबर आहे. तिला वळसा घालून बाहेर पडलं की नाच पुरा.

हा विलिब्रॉर्ड मूळचा इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा. जन्म इ. स. 658 च्या सुमाराचा. रिपनच्या मठात वाढला, आयर्लंडमध्ये शिकला आणि 690 मध्ये अकरा सोबत्यांसह समुद्र ओलांडून फ्रिसियात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडे, धर्मप्रसाराला निघाला. फ्रँकांचा सत्ताधारी पेपिन पाठीशी होता, आणि हीच त्याची अडचणही होती: फ्रिसियन लोकांच्या लेखी नवा धर्म म्हणजे शत्रूचा धर्म. पेपिन 714 मध्ये गेला, तसा फ्रिसियन राजा रॅडबॉडने उठाव केला आणि विलिब्रॉर्डला आपलं केंद्र असलेलं युट्रेक्ट सोडावं लागलं. रॅडबॉड मेल्यावरच, 719 नंतर, तो परतू शकला.

एश्टरनाखचा मठ त्याने 698 मध्ये उभारला. जमीन दिली ती ट्रिअरमधल्या एका मठाच्या प्रमुख इर्मिनाने. इथेच 7 नोव्हेंबर 739 ला त्याचं निधन झालं. त्याच्या वापरातली एक पंचांगवही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या नोव्हेंबरच्या पानावर, समासात, 728 मध्ये लिहिलेली लॅटिन नोंद आहे: 690 मध्ये समुद्रापलीकडून आलो, 695 मध्ये पोप सर्जियस यांनी बिशप केलं. बस्स. चमत्कारांचा पसारा पुढे अल्क्विन या विद्वानाने लिहिलेल्या चरित्रात आला.

निधन नोव्हेंबरातलं, मग नाच पेंटेकॉस्टला का? मध्ययुगात आसपासच्या परगण्यातले लोक त्या सणाला मठाकडे दान घेऊन येत. नाच त्या गर्दीतच रुजला असावा. फेफरं आणि अंगाला झटके येणं अशा दुखण्यांसाठी विलिब्रॉर्डला नवस बोलत.

वरिष्ठांना हे कधीच फारसं मानवलं नाही. ट्रिअरच्या आर्चबिशपने 1777 मध्ये वाद्यं आणि नाच बंद केले. 1786 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने बंदी आणखी कडक केली. पाठोपाठ फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने मठच मोडीत काढला आणि चर्चमध्ये चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना थाटला गेला. तरी 1802 पासून लोक पुन्हा नाचू लागले. डिसेंबर 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बॅसिलिका उडवली. 1953 मध्ये ती पुन्हा उभी राहिली. युनेस्कोने 2010 मध्ये या प्रथेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

वारसा म्हणजे जसाच्या तसा जपलेला, असं मात्र इथे समजू नये. पूर्वी तीन पावलं पुढे, दोन मागे अशीही चाल होती. तिने गर्दीत घोळ व्हायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोडून आजच्या डाव्या-उजव्या उड्या आल्या. जर्मन बोलणारे लोक मात्र रखडलेल्या सरकारी कामाला आजही एश्टरनाखच्या मिरवणुकीचीच उपमा देतात.