पनवेलचें मीठ आणि शेराचा आणा

पनवेलच्या खाडीकांठीं मिठागरें होतीं, आणि १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाल्यावर कोंकणचें मीठ या वाटेनें देशावर चढे. अशा गांवीं मीठच महाग असावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल; परंतु मिठागरांत राबणाऱ्या आगऱ्यासही कर भरल्यावांचून पसाभर मीठ घरीं नेण्याची मुभा नव्हती.

१८४४ सालीं मुंबई इलाख्यांत हा कर मणास आठ आण्यांवरून एक रुपया झाला, तेव्हां सुरतेस दंगा उसळला. पुढें तो चढतच गेला आणि १८७७ च्या अखेरीस, दुष्काळाची झळ ताजी असतां, एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर नेण्यांत आला. सरकारी मण चाळीस शेरांचा. म्हणजे शेरामागें बरोबर एक आणा, आणि मिठाची किंमत निराळी. सधनाच्या पानांत मीठ चिमूटभर वाढतात. कातकऱ्याच्या नाचणीच्या भाकरीस तेंच तोंडीलावणें, आणि मासळी खारवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या कोळ्यास तर तें शेरांनीं लागे. हा कर सर्वांवर सारखा बसतो, असें समर्थन करणारे पंडित होते. सारखा खरा!

याच सुमारास, १८७९ सालीं, मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरील आयातजकात उठली व १८८२ त उरलेल्या कापडावरचीही गेली. त्या वर्षीं मिठाचा कर दोन रुपयांवर आला, हें कबूल केलें पाहिजे. पण १८८८ त तो पुन्हां अडीच झाला. कापड मात्र १८९४ पर्यंत मोकळेंच राहिलें. १९०२ च्या शिलकी अंदाजपत्रकावर बोलतांना गोखल्यांनीं नेमकें येथेंच बोट ठेविलें, आणि पुढच्या वर्षीं आठ आणे उतरले. सबंध कर उठण्यास १९४७ साल उजाडावें लागलें.