परक्या हातचा पाव

आषाढी एकादशीच्या फराळात महाराष्ट्रातल्या घरोघरी जे शिजतं, त्यातले कितीतरी जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी या मुलखात नव्हते. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. युरोपीय व्यापाराच्या वाटेनं ती इथे उतरली, परसात आणि शेतात रुजली आणि थेट उपासाच्या ताटात जाऊन बसली. कुणी हरकत घेतली नाही. त्याच वाटेनं पोर्तुगीजांनी आणलेला पाव मात्र मराठी घराच्या उंबऱ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या ताटकळत राहिला. त्याच्यापायी माणसं वाळीत पडली, गुप्त मंडळ्या निघाल्या, प्रायश्चित्तं झाली.

हा भेद समजला की पावाची कुळकथा निम्मी समजते. बटाटा कच्चा आला. तो आपल्या चुलीवर, आपल्या पाण्यात, आपल्या बायकांच्या हातांनी शिजला. पाव तयार होऊनच दारात आला. पीठ कुणी मळलं, पाणी कुणाच्या विहिरीचं, भट्टी कुणाची, हे सगळं त्यानं बरोबर आणलं होतं. शिवाय तो फुगवला होता ताडीनं.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क यानं गोवा घेतला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या शिपाई-खलाशांना रोजचं अन्न म्हणजे गव्हाची भाजलेली रोटी, एवढंच ठाऊक होतं. गोवा तर पडला भाताचा मुलूख. गहू बाहेरून, जहाजांनी आणावा लागे. गव्हाची सोय झाली तरी पीठ आंबवायचं कशानं, हा पेच उरलाच. युरोपात पाव आंबवायला आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ किंवा बिअरचा गाळ वापरत. कोकणपट्टीच्या दमट उष्म्यात यातलं काय टिकणार?

उत्तर माडावर होतं. नारळाच्या फुलोऱ्याला छेद देऊन गोळा केलेला रस, म्हणजे सूर किंवा माडाची ताडी, काही तासांतच आपोआप फसफसू लागतो. त्यात नैसर्गिक यीस्ट असतं. ते साखर खातं आणि कर्बवायू सोडतं, आणि त्या वायूनं पीठ फुगतं. माडावर चढणारे रेंदेर गोव्यात आधीपासूनच होते. त्यांचा सूर पिठात पडला आणि युरोपची रोटी या मातीत फुगू लागली. युरोपची सवय इथे आली आणि येताक्षणीच इथल्या झाडावर अवलंबून राहिली. पावाला निव्वळ परदेशी म्हणणं म्हणूनच फारसं खरं नाही.

गोव्याच्या सासष्टीतल्या गावांत ही विद्या रुजली. जेझुइट पाद्र्यांनी माजोर्डा गावात पहिल्यांदा स्थानिक माणसांना पाव भाजायला शिकवलं, असं गोव्यात सांगतात. शिकलेले ते पोदेर झाले. विटामातीची घुमटाकार भट्टी, आत आधी लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या फरशीवर लांब दांड्याच्या फळीनं गोळे सरकवायचे. पोदेरांनी प्रकारही आपले घडवले. कोंड्यासकट पिठाची, आतून पोकळ पोय; वरून कडक, गोल उंडो; कात्रीनं कापून फुलपाखरासारखा आकार दिलेला कातरो पाव; बांगडीसारखं कुरकुरीत कांकण. पूर्वी पोदेर कबाय नावाचा गुडघ्यापर्यंतचा झगा घालून, डोक्यावर टोपली आणि हातात वाजणारी काठी घेऊन दारोदार फिरे. काठीच्या जागी पुढे सायकलचा भोंगा आला. पहाटे आणि संध्याकाळी भोंगा वाजला की गोव्यात अजूनही लोक पिशवी घेऊन बाहेर येतात.

हा झाला ख्रिस्ती गोवा. शेजारच्या हिंदू वस्तीत याच पावाची दहशत होती.

पाद्र्यांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गाव बाटलं, ही गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत सांगितली जाते. ती ऐकीव आहे. पण ऐकीव गोष्टी उगाच तीन-तीन शतकं टिकत नाहीत. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. मधला थोडा काळ सोडता ते १८१२पर्यंत चाललं. धर्म बदलावा लागलेल्या, घरदार सोडून पळालेल्या कुटुंबांच्या आठवणीत पाव हा अन्नाचा पदार्थ कधी उरलाच नाही. तो सत्तेचा हात होता. तुकडा पोटात गेला की परतीची वाट बंद. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या वंशजांनी पावाकडे संशयानं पाहिलं, याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल.

उत्तर कोकणात वसई १५३४पासून पोर्तुगीजांकडे होती. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, पण तिथल्या ख्रिस्ती घरांत पाककृती राहिल्या. ईस्ट इंडियन समाजात लग्नाकार्याला होणारे गोल गरगरीत फुगे घ्या. जुन्या रीतीनं त्यांचं पीठ ताडीनंच आंबवतात. सासष्टीच्या पोदेराची युक्तीच वसईच्या कढईत उतरली आहे.

एकोणिसाव्या शतकात या वादाचं केंद्र मुंबईत सरकलं. इथे सक्तीचा प्रश्न उरला नव्हता, पण परक्या हातचं खाल्लं की जात जाते हा नियम तसाच कडक होता. १८४३मध्ये श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवला. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहर पेटलं. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली आणि प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्यासाठी धडपड केली. त्यासाठी सनातन्यांचा रोषही पत्करला. एका पोराच्या जेवणासाठी मराठीतल्या पहिल्या संपादकाला लढावं लागलं, यावरून ताटाचं वजन कळावं.

सहा वर्षांनी, १८४९ साली, दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. सभा गुप्त होती. जातिभेद मोडायचा, ही तिची मुख्य प्रतिज्ञा. आणि नव्या सभासदाची परीक्षा काय? ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. ज्या तुकड्यानं माणूस बाटतो म्हणत, तोच तुकडा सगळ्यांनी मिळून जाणूनबुजून खायचा. निबंध लिहिणं सोपं होतं, भाषण देणं त्याहून सोपं. घास गिळणं कठीण होतं, आणि म्हणूनच परीक्षेसाठी तो निवडला गेला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात बेकरीच्या पावाला ही जागा आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत ती क्वचितच सांगितली जाते.

धाडस गुप्ततेच्या भिंतीआड होतं, हेही खरं. १८६०च्या सुमाराला सभेची कागदपत्रं चोरीला गेली, सभासदांची नावं फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विस्कटली. तिच्यातल्याच माणसांनी पुढे, १८६७मध्ये, प्रार्थना समाज उभा केला. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग त्यात आघाडीवर होते. मात्र पाव खाण्याची अट तिथे नव्हती.

पुण्याची पाळी १८९०च्या ऑक्टोबरात आली. गोपाळराव जोशींच्या खटपटीनं पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. समोर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’मध्ये नावांची यादी छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उसळलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली गेली. रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यामुळे सुधारकांतले त्यांचे कितीतरी चाहते दुखावले. टिळकांनी काशीत आपण प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. बिस्किट हा तर पावाचाच भाऊबंद. एकोणिसावं शतक संपायला दहा वर्षं उरलेली असताना महाराष्ट्राचे दोन मोठे पुढारी भट्टीतून निघालेल्या एका तुकड्याचा हिशेब देत होते.

मग हा पाव मराठी माणसाच्या हातात आला कसा? सुधारकांच्या प्रतिज्ञेनं थोडा आला असेल. जास्त आला तो दवाखान्याच्या, गिरणीच्या आणि रेल्वे स्टेशनच्या वाटेनं.

आजाऱ्याला पथ्य म्हणून दूध-पाव द्यायची रीत मध्यमवर्गात हळूहळू पडली. औषधाला सोवळ्याचे नियम सैल होतात, त्या फटीतून पाव आत शिरला. चुलीवर नेहमीचा स्वयंपाक वेगळा, आणि तापातून उठलेल्या माणसासाठी बेकरीतून आणलेला पाव वेगळा, असं कितीतरी घरांनी चालवून घेतलं. मराठी स्वयंपाकघरात तवा होता, चूल होती, पण भट्टी नव्हती. त्यामुळे पाव घरी करायचा पदार्थ कधी झाला नाही, तो विकत आणायचा पदार्थ झाला. शेकडो वर्षं भाकरी थापणाऱ्या समाजानं रोजचं अन्न तयार विकत घ्यायला सुरुवात केली ती पावापासून. युरोपीय राहणीतली ही सवय खुर्ची-टेबलापेक्षाही खोलवर गेली आहे.

पाव भाजणारे हात तोवर मुंबईत येऊन ठेपलेच होते. गोव्यातून आचारी, वाजंत्री, खलाशी यांच्याबरोबर पोदेरही आले. धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या कुडांत, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, ती माणसं राहत. घरची माणसं मागे, गावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून यझ्द आणि केरमानकडचे झरथुष्ट्री इराणी आले आणि नाक्यानाक्यावर त्यांची हॉटेलं उघडली. कयानी १९०४चं, ब्रिटानिया १९२३चं. बन-मस्का, ब्रून-मस्का आणि पानी कम चाय. हॉटेलात संगमरवरी टेबलापाशी कोण कुणाच्या शेजारी बसलं हे विचारायची सोय नव्हती. परमहंस सभेनं बंद दाराआड जे केलं, ते इराण्याच्या हॉटेलात दिवसाढवळ्या होऊ लागलं. प्रतिज्ञा कुणी घेतली नाही, भूक आणि खिशातली नाणी एवढ्यावर भागलं. जात त्यानं मोडली असं कुणी म्हणू नये, पण एका टेबलावर खाण्याची सवय लावली, आणि ही गोष्ट लहान नाही.

गिरण्यांनी उरलेलं काम केलं. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. रत्नागिरी-साताऱ्याकडचे गडी चाळींतून दाटीवाटीनं राहू लागले. घरचं माणूस जवळ नाही, पाळी पहाटेची किंवा रात्रीची, जेवायची सुट्टी आखूड. खाणावळवाल्या बायांनी त्यांना मोठा आधार दिला. पण दोन पाळ्यांच्या मध्ये, उभ्याउभ्या, हात न बरबटता पोट भरायला पावासारखं दुसरं काही नव्हतं. स्वतंत्र भारतात गव्हाची आवक वाढली तसा तो आणखी पसरला. १९५६पासून पीएल-४८० खाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. दुष्काळाच्या १९६६ साली देशानं सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात, विशेषतः शहरांत, गव्हाला आणि मैद्याला हात सरावले. १९६५मध्ये केंद्र सरकारनं मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कागदात गुंडाळलेला स्लाइस ब्रेड लहान शहरांत पोचू लागला. कोल्हापुरात मिसळीबरोबर आजही पावाऐवजी स्लाइसच पुढे येतात.

त्याच काळात, १९६६च्या सुमाराला, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. वडा-पावात बटाटा आहे, मिरची आहे, पाव आहे. तिघांची वाट एकच, समुद्राची. पहिले दोघे कधीच घरचे झाले होते. तिसऱ्याला साडेचारशे वर्षं लागली. मराठी अस्मितेचं राजकारण पुढे याच वडा-पावाच्या गाड्यांभोवती उभं राहिलं.

आज गोव्यात सूर घालून पाव करणारे पोदेर मोजके उरले आहेत. माडावर चढणारे कमी झाले आणि बाजारचं यीस्ट सोपं पडलं. पुष्कळ भट्ट्या कर्नाटकातून आलेले कारागीर चालवतात. मुंबईत लादी पाव भाजणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांचा भरणा मोठा आहे. रात्री पीठ मळायचं, पत्र्यावर गोळे जवळजवळ मांडायचे, म्हणजे फुगताना ते एकमेकांना चिकटून लादी होते, आणि उजाडायच्या आत सायकलवर लादून गाड्यांपर्यंत पोचवायचे. परक्या हातचा हा पाव आता सगळं शहर खातं. हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही; मात्र ते हात किती तास आणि कसल्या धगीत राबतात, हेही विचारलं जात नाही.

या भट्ट्यांवर २०२५च्या जानेवारीत नवं संकट आलं. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाची सुनावणी करताना उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. भट्टीजवळ राबणाऱ्याच्या छातीत तो धूर सगळ्यांत आधी जातो, तेव्हा बदल व्हायलाच हवा. पण विटांची भट्टी उष्णता धरून ठेवते, तिच्या तापलेल्या फरशीवर ब्रून पावाचं कवच कडक होतं. गॅसच्या किंवा विजेच्या यंत्रात तेच साधायला पैसा लागतो, जागा लागते आणि नव्यानं हात बसवावा लागतो. छोट्या बेकरीवाल्याकडे यातलं फारसं काही नाही. यंत्रासाठी स्वस्त कर्ज आणि गॅसच्या जोडणीची सोय महापालिकेनं आणि सरकारनं करून दिली, तर ही भट्टी धुराशिवाय पेटत राहील. सगळा बोजा बेकरीवाल्यावर टाकला, तर लहान भट्ट्या बंद पडतील आणि वाढलेला दर स्टेशनबाहेर वडा-पाव खाणाऱ्या माणसाकडून वसूल होईल.