आजीची कात्री, आजोबांचा दगड

आजोबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं धार लावायचं यंत्र आमच्या माळ्यावर पडून होतं. यंत्र म्हणजे खांद्यावर घेता येईल अशी लाकडी चौकट, खाली सायकलची रिम, वर बशीएवढा गोल दगड, दोघांना जोडणारा पट्टा आणि पायाने दाबायची फळी. या उन्हाळ्यात मी ते खाली काढलं. जसंच्या तसं सुरू करायचं, मूळ दगडासकट, असा माझा हट्ट होता.

सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवते. फार तर गिरणीचा भोंगा. इथली जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली, पुढे आणखी आल्या आणि नंतर एकेक करून बंदही पडल्या. त्या सगळ्या काळात शहराच्या पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळत होत्या. माझी आजी त्यातलीच. विडीत यंत्र नाही, आहे ती फक्त कात्री. टेंभुर्णीचं पान रात्री भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, सकाळी त्यावर पत्र्याचा साचा धरून कापायचं. मजुरी हजार विड्यांवर. कात्री बोथट असली की पान फाटतं, कडा चुरगळते, विडी छाटात जाते. 1966 च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं, पण कात्री तिचीच आणि धारेचा खर्चही तिचाच. आजोबा 'चाकू, सुरी, कात्रीला धाऽऽर' असं ओरडत फिरायचे. चाकू-सुऱ्या नावापुरत्या, पोट भरायचं कात्र्यांवर.

दगडाची गोष्ट मात्र सोलापूरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. संस्कृतात धारेच्या दगडाला 'शाण' म्हणतात. आपल्याकडे पूर्वी कुरुंदाची पूड लाखेत मिसळून धारेची चाकं बनवत. कुरुंद म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिज, माणिक आणि नीलम त्याचेच भाऊबंद. तमिळ 'कुरुंदम'वरून इंग्रजांनी 'कोरंडम' शब्द केला. पुढे 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करायला गेला आणि भट्टीत निघालं भलतंच. कार्बन आणि कोरंडम यांचं ते मिश्रण असावं असं वाटून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. अंदाज चुकला, ते सिलिकॉन कार्बाइड होतं, पण नाव चिकटलं. 1954 मध्ये मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. म्हणजे आपलाच शब्द अमेरिका फिरून, वेगळा माल घेऊन परत आला.

आणि पायाची फळी? नवव्या शतकातल्या 'उट्रेक्ट साल्टर' या युरोपातल्या हस्तलिखितात धारेच्या फिरत्या दगडाचं चित्र आहे. त्यात एक जण हँडल फिरवतोय आणि दुसरा तलवार धरून आहे. पायाने चाक फिरू लागलं तेव्हा दोन्ही हात मोकळे झाले आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली. एकटा माणूस गल्लोगल्ली हा धंदा करू शकतो तो या फळीमुळे.

आता दुरुस्ती. चौकटीला एका पायाशी वाळवी होती, तो तुकडा सुताराकडून बदलून घेतला. रिमचे गंजलेले स्पोक बदलले, पट्टा नवा लावला, बुशमध्ये ग्रीस भरलं. राहिला दगड. तो चढवण्याआधी वाजवून बघायचा असतो. बोट घालून अधांतरी धरायचा आणि लाकडी मुठीने हलकेच टोकायचा. चांगला असेल तर खणखणीत वाजतो. आमचा बद्द वाजला. चार ठिकाणी टोकलं, चारही ठिकाणी बद्द. आत कुठेतरी चीर होती. फिरताना फुटला असता तर तुकडे थेट तोंडावर.

दोन दिवस मी तसाच बसून. दगडच नाही तर आजोबांचं काय उरलं?

आजी म्हणाली, "अरे, दगड कसला मूळ? झिजला की बदलायचे ते. हा कितवा, त्यांनाच ठाऊक नसेल." मग तिने पायाची फळी दाखवली. उजवीकडे, टाचेच्या जागी, लाकडात खळगा पडलाय. मी पाय ठेवून पाहिला, माझी टाच त्याच्यापुढे येते. आजोबा माझ्यापेक्षा बुटके होते, हे मी विसरलोच होतो.

नवा दगड आणला, वाजवून घेतला. पहिल्या दिवशी दोन जुने चाकू खराब केले. पायाची लय धरली की हात चुकतो, हात सांभाळला की पाय थांबतो. पण विजेच्या ग्राइंडरवर पातळ पातं क्षणात तापून निळं पडतं, पोलादाचं पाणी उतरतं. इथे पातं तापायला लागलं की बोटांना कळतं आणि पाय आपोआप मंद होतो. कात्रीची आतली सपाट बाजू दगडाला लावायचीच नाही, फक्त बाहेरचा उतार घासायचा. हे आजीने सांगितलं. पन्नास वर्षं समोर उभं राहून तिने ते पाहिलंय.

शेवटी तिचीच कात्री घेतली. रिव्हेट ढिला होता, हातोडीने हलकेच ठोकला. तिने जुनं सुती फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि कात्रीच्या टोकाने कापलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग पात्यावर अंगठा आडवा फिरवून म्हणाली, "टोकाला अजून राहिलीय. बस परत."

मी बसलो. ती उठून शेजारच्या काकूंची कात्री आणायला गेली.