फिरतें दप्तर : रुमालापासून मोबाइलपर्यंत

दप्तर हा शब्द फारसींतून मराठींत आला आणि त्याचें मूळ कातडें या अर्थाच्या एका ग्रीक शब्दापर्यंत पोंचतें. फारसींत त्याचा अर्थ वही किंवा कचेरी असा; मराठीनें मात्र त्याला पाय दिले. सरकारी कागदांचा संग्रह तें दप्तर, आणि शाळेंत जाणारें मूल पाठीवर घेतें तेंहि दप्तरच. आपल्याकडे कचेरी ही एका जागीं खिळलेली वस्तु क्वचितच होती. लिहिणारा जेथें जाई तेथें ती त्याच्यामागून जाई. आज कृष्णेच्या खोऱ्यांतील आष्ट्याचा शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाची नोंद करतो, तेव्हां तो या जुन्या प्रथेच्याच नव्या टोंकाला उभा असतो. हा सारा प्रवास वजन कमी होण्याचा आहे असें वरवर वाटतें. पण दप्तर किती हलकें झालें यापेक्षां तें कोणाला वाचतां आलें व त्यांत कोणाला लिहितां आलें, हाच त्याच्या इतिहासांतील खरा प्रश्न होय.

आष्टा हें वाळवा तालुक्यांतील नगरपरिषदेचें गांव. १९४९ पर्यंत तें सातारा जिल्ह्यांत होतें. त्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. एकाच शेताच्या कागदांवर तीन जिल्ह्यांचीं नांवें आढळावींत असा हा मुलूख. या मुलखांत, साऱ्या देशाप्रमाणेंच, गांवचा लेखनव्यवहार कुलकर्ण्याच्या हातीं असे. बोरू, दौत, ओली शाई टिपण्यासाठीं वाळू आणि चौकोनी कापडांत बांधलेले कागद एवढी त्याची कचेरी. त्या कापडाला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कोट्यवधि कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत.

ही कचेरी कांखेंत मारून नेण्याजोगी होती. परंतु ती मोडींत लिहिलेली होती. मोडी ही वेगाची लिपि. हात न उचलतां ओळ पुढें जाई, वळणें एकमेकांत मिसळत, आणि सराव नसलेल्या माणसाला त्यांतून अर्थ काढणें कठीण जाई. ज्याच्या शेताविषयीं तो कागद, त्यालाच तो बहुधा वाचतां येत नसे. वसुलाची बाकी किती, बांध कोठवर, वाटणींत कोणाच्या नांवावर काय चढलें, हें त्यानें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें आणि खालीं नांगराची निशाणी करावी. कुलकर्णी प्रामाणिक असेल तर कांहीं बिघडत नसे. पण रयतेचें हित एका माणसाच्या प्रामाणिकपणावर सोपविणारी व्यवस्था चांगली म्हणतां येत नाहीं.

पुढें तीन पायऱ्यांनीं हें चित्र पालटलें. १९०३ सालच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जमिनींची हक्कनोंदणी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कचेऱ्यांतून मोडी मागें पडून बाळबोध लिपि आली. आणि १९५० सालच्या कायद्यानें कुलकर्णी वतन रद्द होऊन वंशपरंपरागत लेखकाच्या जागीं पगारी तलाठी आला. गांव नमुना सात म्हणजे हक्काचा, बारा म्हणजे पिकांचा. हे दोन मिळून झालेला सात-बारा आतां अक्षरओळख असलेल्या कोणालाहि वाचतां येऊं लागला. मात्र लेखणी तलाठ्याच्याच हातीं राहिली.

इकडे हें घडत असतां सातासमुद्रांपलीकडे कचेरीच्या यंत्रांनाहि पाय फुटूं लागले होते. आंकड्यांचा तक्ता आपोआप जुळविणारा व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम अमेरिकेंत १९७९ सालीं निघाला. त्यांत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा क्षणांत बदलत. १९८१ सालीं ऑसबोर्न नांवाचा संगणक आला. तो नेतां येण्याजोगा म्हणून विकला जाई, पण वजन सुमारें ११ किलो. त्याच्याबरोबर मजकूर लिहिण्याचा व तक्ते मांडण्याचा कार्यक्रम मिळे. दहा वर्षांनीं, १९९१ सालीं, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें ९५ एलएक्स हा तळहातावर मावणारा संगणक काढला. त्यांत लोटस १-२-३ हें तक्त्यांचें सॉफ्टवेअर मुळांतच भरलेलें होतें आणि तो दोन साध्या सेलांवर चाले. रुमालांतील कचेरी खिशांत शिरली ती अशी. पण तिला मराठी येत नव्हतें.

योगायोग असा कीं त्याच १९९१ सालीं युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली आणि तींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. तत्पूर्वीं, आणि त्यानंतरहि बरींच वर्षें, निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी अक्षरसंचांचे संकेत निरनिराळे असत. एका कचेरींत टाइप केलेलें पत्र दुसऱ्या कचेरींत उघडलें कीं पडद्यावर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसे. ही जणुं नवी मोडीच होती. जुनीला सरावाचा वाचक तरी मिळे, हिला तोहि मिळत नसे. मोबाइलच्या पडद्यावर मराठी सर्वत्र सारखी उमटूं लागली ती २०१० नंतरच्या दशकांत. खुद्द मोडी लिपीलाहि २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें.

त्यानंतर दप्तराची गति वाढली. २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारांतील पिकाची माहिती शेतकऱ्यानें स्वतः, आपल्या मोबाइलवरून, शेतांत उभें राहून, पिकाच्या छायाचित्रासह भरावी अशी सोय झाली. ज्या रकान्यांत पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यानें लिहिलें, त्यांत प्रथमच कुळवाड्याचें बोट उमटलें. ही गोष्ट लहान नव्हे. कृष्णेला २००५, २०१९ व २०२१ सालीं मोठे पूर आले. अशा वेळीं नुकसानभरपाईच्या प्रसंगीं शेतांत ऊस होता कीं सोयाबीन, हें नोंदीवरून पाहिलें जातें. पाण्यानें पीक नेलें तरी दूर ठेवलेली नोंद राहते.

तथापि नव्या साधनाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. तळहाताएवढ्या पडद्यावर रुंद तक्ता एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. एक रकाना पाहावा तों दुसरा नजरेआड जातो. आंकडा पाहणें, दुरुस्त करणें, चार ओळींचें टिपण धाडणें यास मोबाइल उत्तम. वर्षाचा हिशेब मांडण्यास कळफलक व मोठा पडदाच बरा. शिवाय यंत्र बेरीज बिनचूक करतें, पण घातलेली रक्कम खरी कीं खोटी हें त्यास कळत नाहीं. जुने कारकून ताळा पाहिल्याशिवाय वही मिटत नसत, ती शिस्त येथेंहि सुटूं नये. आणि ज्याला पडद्यावरील सूचना वाचतां येत नाहींत, तो आपला मोबाइल शेजारच्या पोराच्या हातीं देतो. त्यानें काय भरलें हें त्याला कळत नाहीं. त्याच्यापुरता कुलकर्ण्याचाच काळ परत आलेला असतो.

यावरचा उपाय नवा शोधण्याची गरज नाहीं. २०१७ सालीं संगणकांत उतरविलेले सात-बारे अखेरचे ठरण्यापूर्वीं महाराष्ट्राच्या गांवोगांवीं चावडी-वाचन करण्यांत आलें. संगणकानें छापलेली नोंद चार लोकांसमक्ष मोठ्यानें वाचावयाची, आणि ज्याची जमीन त्यानें ती ऐकून चूक असल्यास तेथेंच सांगावयाची, अशी ती रीत. जें चावडीवर झालें तें घरींहि होऊं शकतें. नोंद भरणाऱ्यानें ती धाडण्यापूर्वीं धन्याला एकदां वाचून दाखवावी. एवढ्यानें दप्तर खऱ्या अर्थानें ज्याचें त्याच्या हातीं येईल.