दोडामार्ग–मावळिंगे आघाडी (१७–१९ डिसेंबर १९६१)

गोवामुक्तीसाठी भारतीय सैन्याने केलेल्या ‘ऑपरेशन विजय’ या कारवाईतील उत्तरेकडची आघाडी. दोडामार्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १९६१ मध्ये ते रत्नागिरी जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातले, पोर्तुगीज हद्दीला खेटून असलेले गाव होते. येथून एक वाट डिचोलीकडे उतरते आणि दुसरी अस्नोडा, थिवी, म्हापसा असे करत मांडवीच्या उत्तर तीरावरील बेतीला पोहोचते. बेतीसमोर पलीकडच्या काठावर पणजी. मुक्तिलढ्याच्या बहुतेक वृत्तांतांत ही आघाडी दुय्यम म्हणून दोन वाक्यांत उरकली जाते, कारण मूळ आराखड्यात ती खरोखरच दुय्यम होती. घटनाक्रम तासातासाने लावून पाहिला, तर मात्र पोर्तुगीज संरक्षणाची घडी सर्वांत आधी येथेच विस्कटली आणि पुढच्या दीड दिवसाचा निकाल येथेच लागला, असे म्हणावे लागते.

कारवाईचे एकूण सूत्र दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होते. मुख्य धडक मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ व्या पायदळ डिव्हिजनने पूर्वेकडून, अनमोड घाट उतरून द्यायची आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने उत्तरेकडून तिला साहाय्य करायचे, अशी विभागणी होती. समोर पोर्तुगीजांची ‘प्लानो सेंतिनेला’ ही योजना होती. सीमेवर हटून न बसता पूल उडवत, सुरुंग पेरत मागे सरायचे आणि अखेरची झुंज मुरगावच्या बंदराशी द्यायची, हा तिचा गाभा. लिस्बनमध्ये सालाझार यांना किमान आठ दिवसांचा प्रतिकार हवा होता. तेवढ्या अवधीत जगाचे दडपण भारतावर येईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे पोर्तुगीजांना लढाई जिंकायची नव्हती, वेळ काढायचा होता. म्हणून या आघाडीचे मोजमाप किती माणसे पडली यावर न करता, किती तास वाचले यावर करायला हवे.

पहिली चकमक ठरलेल्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच झडली. १७ डिसेंबरला भारतीय तुकडीने डिचोली तालुक्यातील मावळिंगे ताब्यात घेतले. दोन पोर्तुगीज सैनिक मारले गेले. जवळच असलेल्या पोर्तुगीज चिलखती टेहळणी पथकाने उलट हल्ल्याची परवानगी मागितली, ती दुपारी पावणेदोनच्या सुमारास नाकारली गेली. त्याच दुपारी, यापुढचे सर्व हुकूम थेट मुख्यालयातूनच सुटतील आणि स्थानिक ठाण्यांनी मध्ये पडू नये, असा आदेश निघाला. ज्या सैन्याला पुलापुलावर स्वतःच्या हिमतीने निर्णय घेत मागे सरायचे होते, त्याच्या अधिकाऱ्यांकडून निर्णयाचा अधिकारच काढून घेतला गेला. मावळिंगे हे लहानसे गाव. ते हातचे गेल्याने पोर्तुगीजांचे फारसे बिघडले नसते. बिघडले ते या आदेशाने.

१८ तारखेला पहाटे चारला मावळिंग्याच्या दक्षिणेस भारतीय तोफा सुरू झाल्या. तेथे पोर्तुगीजांचे जड रणगाडे आहेत, अशी खबर होती; ती खोटी निघाली. साडेचारला डिचोलीवर मारा सुरू झाला आणि दहाच मिनिटांत पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला. पाचच्या सुमारास अस्नोड्याचा आणि कोलवाळचा पूल गेला. कोलवाळला शापोरा नदी आडवी येते. दोडामार्गात तिलारी म्हणून वाहते ती हीच नदी, आणि तिच्यावरचा पूल पाडणे हा सेंतिनेला योजनेचा खरा कस होता. तो योजना बनवणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही. सगत सिंगांची ब्रिगेड तीन रांगांनी आत शिरली. दुसरी पॅरा मराठा पलटण फोंड्याच्या दिशेने, पहिली पॅरा पंजाब बाणस्तारीकडे, आणि दुसरी शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह सकाळी साडेसहाला सीमा ओलांडून थिवीच्या वाटेने. नऊ वाजता पोर्तुगीज पथकेच कळवत होती की, भारतीय सैन्याने फोंड्याचे निम्मे अंतर कापले आहे. दहाला पोर्तुगीजांची माघार सुरू झाली. दुपारी बारापर्यंत म्हापशात वेढले जाण्याची वेळ आली. साडेबाराला पुढच्या चिलखती गाड्यांनी गोळीबार करत वाट मोकळी केली आणि मागची वाहने निसटली. दीडला बाणस्तारीचा पूल पाडल्यावर पणजीचा उरलासुरला रस्ता तुटला. संध्याकाळी पावणेसहाला शेवटची पोर्तुगीज तुकडी फेरीने मांडवीपार झाली आणि काही मिनिटांतच भारतीय रणगाडे बेतीच्या काठावर येऊन थांबले. आठ दिवस पुरायची योजना उत्तरेत एका दिवसात संपली होती.

मावळिंग्यात मारले गेले दोन, आणि त्याला लढाई म्हणायचे काय, हा आक्षेप रास्त वाटतो. समुद्रात ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या युद्धनौकेने किंवा अंजदीव बेटावरच्या शिबंदीने दिलेली झुंज याहून रक्तरंजित होती. पण त्या दोन्ही ठिकाणांच्या निकालाने पणजीचा मार्ग खुला झाला नसता, आणि पणजी पडल्यावर मुरगावला लढत राहण्यात अर्थ उरला नसता. अनमोडची फौज कमी पडली, असाही याचा अर्थ नव्हे. सुरुंगांचे आणि पाडलेल्या पुलांचे अडथळे ओलांडत ती मडगावपर्यंत गेली. तिच्यामुळे पोर्तुगीजांना उत्तरेकडे कुमक वळवता आली नाही, हे श्रेय तिचेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सीमेपलीकडून आलेल्या नियमित सैन्याच्या कारवाईला स्वातंत्र्ययुद्ध म्हणता येईल का? सुरक्षा समितीत १८ डिसेंबरला पाश्चात्त्य देशांनी हाच मुद्दा धरून युद्धबंदीचा ठराव आणला. तो सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या राष्ट्रांनीही त्याविरुद्ध मत दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंगोलात पोर्तुगिजांविरुद्ध सशस्त्र उठाव पेटला होता, आणि वसाहती मुळात कोणाच्या, हा प्रश्न या राष्ट्रांसाठी पुस्तकी नव्हता. त्याहून ठोस उत्तर मात्र याच रस्त्यावर मिळते. ज्या अस्नोड्याचा पूल १८ डिसेंबरच्या पहाटे उडाला, त्याच गावचे बाळा राया मापारी आझाद गोमंतक दलात होते. दलाने अस्नोड्याच्या पोलीस ठाण्यावर छापा घालून शस्त्रे पळवली, त्यात ते सामील होते. पुढे पकडले गेले आणि १८ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलिसांच्या छळात त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, येथून दूर नसलेल्या पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि पंजाबहून आलेले कर्नैल सिंग बेनीपाल तेथे पडले. रणगाडे गेले ती वाट गोमंतकीयांनी आणि सत्याग्रहींनी आधीच आपल्या रक्ताने चालून पाहिली होती. सैन्याने तो लढा सुरू केला नाही, पुरा केला.

१८ डिसेंबरला बेतीला रणगाडे थांबल्यावर रात्री आठच्या सुमारास पणजीहून एक गोमंतकीय गृहस्थ मेजर तेनरेइरो या पोर्तुगीज अधिकाऱ्याचे युद्धबंदीचे पत्र घेऊन नदीपार आले. त्याच रात्री आग्वादच्या तुरुंगातील कैद्यांना सोडवायला सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू निघाले. किल्ल्यातील शिबंदीपर्यंत शरणागतीचा हुकूम पोहोचला नव्हता. तिच्या गोळीबारात ते मारले गेले. १९ डिसेंबरच्या सकाळी साडेसातच्या सुमारास शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन तुकड्यांनी मांडवी ओलांडून पणजी घेतली आणि रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली.