डेटा सायन्स : पदव्युत्तर शिक्षण

संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि एखादे उपयोजनक्षेत्र यांना जोडणारा, भारतात बहुधा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याचा कणा संगणकीय साधने नसून संख्याशास्त्रीय विवेक हा आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या १९७३ मधील पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. भेदभाव उघड वाटावा असेच हे आकडे. पण विभागवार पाहता तो बहुतेक ठिकाणी दिसेना, कारण स्त्रियांचे अर्ज जास्त करून अवघड प्रवेशाच्या विभागांकडे गेले होते. बेरीज बिनचूक असूनही निष्कर्ष फसवा ठरला असता. आकडेवारीचे गट कसे पाडायचे, हे विषय जाणणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

यावर आक्षेप असा, की नोकरी पायथॉन आणि एसक्यूएल ही संगणकीय साधने येण्यावर मिळते. ते खरे आहे, आणि कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी क्षुल्लक तर मुळीच नाही. मात्र साधने काही महिन्यांत शिकता येतात व लवकर बदलतातही. संभाव्यता, नमुनानिवड आणि कार्यकारणभाव यांना मार्गदर्शनाखालचा दीर्घ सराव लागतो. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संख्याशास्त्र विभागासारखी परंपरा म्हणूनच या नव्या पदवीला मोलाची आहे.