शिक्का मारणाऱ्यावर शिक्का

घरात २००० ते २०१६ या काळात हॉलमार्क झालेली बांगडी किंवा गोफ असेल, तर भिंग घेऊन त्याची आतली बाजू एकदा पाहा. बीआयएसचा त्रिकोण दिसेल, शुद्धतेचा ९१६ हा आकडा दिसेल, टंच काढणाऱ्या केंद्राची खूण आणि सराफाची खूण दिसेल. त्यांच्या जोडीला एक एकटे इंग्रजी अक्षरही असेल. ते वर्षाचे अक्षर. 'ए' म्हणजे २०००, मग पुढची वर्षे क्रमाने. १ जानेवारी २०१७ पासून हे अक्षर काढून टाकण्यात आले आणि त्याबद्दल कोणी हळहळल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता, वर्षच सांगायचे तर सरळ आकडा का नाही? सराफ म्हणतात, जागा कुठे आहे? उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. हे अक्षर पंधराव्या शतकातल्या लंडनहून आपल्याकडे आले. तिथे त्याचे मूळ काम वर्ष सांगण्याचे नव्हतेच. ते काम काय होते हे कळले, आणि ऑनलाइन दुकानांच्या तळाशी जे 'विश्वासार्ह', 'प्रमाणित', 'सुरक्षित' असे गोल बिल्ले लावलेले असतात त्यांची कुळकथा मला एकदम वेगळीच दिसू लागली.

इंग्लंडातली सुरुवात सर्वांना माहीत आहे. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीवर बिबट्याच्या मुखवट्याची खूण आली, १३६३ मध्ये घडवणाऱ्या कारागिराची खूण सक्तीची झाली. पुढे सोनारांच्या संघाच्या वाड्यात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, माल आणून तपासून घ्यायची पद्धत पडली. हॉलमधली खूण म्हणून हॉलमार्क. इथवर गोष्ट सरळ आहे. कारागीर लबाड असू शकतो, म्हणून त्याची खूण. संघाने माल तपासला, म्हणून संघाची खूण.

पण तपासणारा लबाड असला तर?

चौथ्या एडवर्डच्या काळात, १४७७-७८ च्या सुमारास, हा प्रश्न कायद्यातच आला. कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याने हिणकस चांदीवर खूण मारली, तर भरपाई संघाने करायची असे ठरले. संघाच्या खिशाला हात लागल्याबरोबर संघ जागा झाला आणि १४७८ पासून तिसरी खूण आली: एक अक्षर, दरवर्षी बदलणारे. वीस अक्षरांचे चक्र. 'जे' वगळायचे आणि 'यू' किंवा 'व्ही'पाशी थांबून पुन्हा 'ए'वर यायचे. वीस वर्षांनी एखादे भांडे हिणकस निघाले, तर अक्षर पाहून वही उघडायची आणि त्या वर्षी कसोटी कोणाच्या हातात होती ते पाहायचे. थोडक्यात, सोनारासाठी एक खूण होती, मालासाठी एक होती, आणि हे अक्षर खूण मारणाऱ्याला पकडण्यासाठी होते.

जुन्या चांदीचे संग्राहक हे ऐकून घेतात, पण मनातून त्यांना ते पटत नाही. त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे तारीख; चहादाणी कोणत्या साली घडली ते कळते, बस्स. माझा पुरावा त्यांच्याच कोष्टकांत आहे. लंडनचे अक्षर नववर्षाला बदलत नसे. ते बदले मे महिन्यात, सोनारांचा पाठीराखा संत डन्स्टन याच्या दिवशी, १९ मेच्या सुमारास. तो संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा काळ. अक्षर कॅलेंडरबरोबर चालत नव्हते, खुर्चीबरोबर चालत होते. १ जानेवारीला अक्षर बदलायचे हे ब्रिटनमध्ये ठरले ते १९७५ पासून, म्हणजे जवळजवळ पाच शतकांनी, मूळ कारण विसरले गेल्यावर. १९९९ पासून तर तिथे हे अक्षर ऐच्छिकच झाले.

दुसरा वाद मोठा आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए गावात १४२७ मध्ये, लंडनच्या अर्धशतक आधी, हीच युक्ती निघाली होती. तिथेही हिणकस मालाच्या तक्रारी होत्या आणि तिथेही अक्षर तपासनिसाच्या नावाशी बांधलेले होते. मग लंडनने ती उचलली का? इंग्रज लेखक स्वतंत्र शोध मानायला उत्सुक असतात. मला उसनवारी जास्त संभवनीय वाटते. सोनार हा त्या काळी फिरता धंदा होता, आणि खुर्चीला अक्षर लावण्याची कल्पना इतकी आडवळणाची आहे की ती पन्नास वर्षांत दोनदा सुचेल असे मला वाटत नाही. कागद हाती नाही, कयास आहे.

आता पाच शतके ओलांडून अमेरिकेत येऊ. ऑनलाइन दुकानाच्या बिल्ल्याचा आजोबा कोण, यावर तिथल्या लेखकांचे जवळपास एकमत आहे: गुड हाउसकीपिंग मासिकाचे सील. १८८५ मध्ये निघालेल्या या मासिकाने १९०० मध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि १९०९ पासून तपासलेल्या वस्तूंना सील द्यायला सुरुवात केली. ट्रस्टी (TRUSTe) ही ऑनलाइन दुकानांना शिक्के देणारी संस्था निघाली तेव्हाही तिची तुलना याच सीलशी झाली.

मला हा आजोबा मान्य नाही. फार तर चुलत आजोबा. कारण त्या सीलला एक अट जोडलेली होती. वस्तू सदोष निघाली तर मासिक ती बदलून देई किंवा पैसे परत करी. मासिक आपल्या जाहिरातदारांनाच सील देई हे खरे, त्यात गोम होतीच, आणि सरकारी व्यापार आयोगाने १९३९ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल करून १९४१ मध्ये त्यांना भाषा बदलायला लावली. तरी शिक्का खोटा ठरला तर शिक्केवाल्याचा खिसा हलका होणार, हे लंडनचे सूत्र तिथे जिवंत होते. तसेच ते अंडररायटर्स लॅबोरेटरीजमध्येही होते. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातल्या विजेच्या तारा पाहून विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याने १८९४ मध्ये ती तपासणी सुरू केली. पैसा आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचा होता. तार पेटली तर भरपाई त्यांनाच द्यायची, म्हणून तार नीट तपासली जाण्यात त्यांचा स्वार्थ होता.

ऑनलाइन दुकानांनी या घराण्यातून नेमके काय घेतले? ऑगस्ट १९९४ मध्ये नेटमार्केट नावाच्या छोट्या दुकानातून स्टिंगची एक सीडी सांकेतिक लिपीत कार्ड क्रमांक पाठवून विकली गेली. नंतर तीनच वर्षांत बिल्ल्यांचा बाजार भरला. १९९७ मध्येच ट्रस्टी आली, बेटर बिझनेस ब्युरोचे ऑनलाइन सील आले आणि अमेरिका-कॅनडाच्या हिशेबनिसांच्या संस्थांचे वेबट्रस्टही आले.

यातली ट्रस्टी सर्वांत शिकवणारी. सुरुवातीला तिचे नाव ई-ट्रस्ट होते आणि शिक्के तीन होते: तुमची माहिती कोणालाच न देणारे दुकान, फक्त स्वतःच्या व्यवहारापुरती वापरणारे दुकान, आणि तिसऱ्याला देणारे दुकान. ९१६ आणि ७५० वेगळे असतात, तसेच हे. पण तिसऱ्या प्रतीचा शिक्का स्वतःच्या कपाळावर कोण लावून घेणार? तीन शिक्के गेले, एकच राहिला, आणि त्याचा अर्थ एवढाच उरला की या दुकानाने आपले धोरण लिहून ठेवले आहे. धोरण चांगले की वाईट, हा प्रश्नच बाजूला पडला.

परीक्षा लवकरच आली. १९९९ मध्ये विंडोज ९८ ची नोंदणी करताना वापरणाऱ्याच्या संगणकाचा ओळखक्रमांक मायक्रोसॉफ्टकडे जात असल्याचे उघड झाले. मायक्रोसॉफ्टकडे ट्रस्टीचा शिक्का होता. ट्रस्टीचा निर्णय: शिक्का संकेतस्थळाचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. २००० मध्ये टॉयस्मार्ट हे शिक्काधारी खेळण्यांचे दुकान बुडाले आणि त्याने ग्राहकांची यादीच विकायला काढली. ट्रस्टीने या वेळी आवाज उठवला, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण यादी शेवटी नष्ट झाली ती सरकारी दाव्यामुळे आणि डिस्नेच्या एका कंपनीने त्यासाठी पन्नास हजार डॉलर मोजल्यामुळे.

मग २००६ मध्ये बेंजामिन एडलमन या संशोधकाने हिशेब मांडला. साधारणपणे तपासलेल्या संकेतस्थळांपैकी २.५ टक्के अविश्वासार्ह निघाली. ट्रस्टीचा शिक्का असलेल्यांत हे प्रमाण ५.४ टक्के. शिक्का होता तिथेच धोका दुप्पट!

इथे माझ्या सिद्धांताला खरा प्रतिस्पर्धी भेटतो. एडलमनचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रातले आहे: ज्याच्यावर लोकांचा मुळातच विश्वास नाही त्यालाच शिक्क्याची गरज जास्त, म्हणून शिक्का मागायला तोच धावतो. हा विचार जॉर्ज अ‍ॅकरलॉफच्या १९७० च्या प्रसिद्ध निबंधाच्या घराण्यातला. निबंध जुन्या मोटारींच्या बाजाराचा, पण त्यात भारतीय गृहिणी आहे: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे निवडणारी. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होता. निबंध आधीच लिहून झाला होता आणि एकेका नियतकालिकाकडून परत येत होता. तांदूळ त्यात दिल्लीत शिरले असणार, असे मी धरून चालतो. नंतर या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या आयाबायांनी सूप हाती घेऊन हा सिद्धांत केव्हाच मांडला होता, एवढे म्हणायचा हक्क मला असावा.

एडलमनचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते अपुरे आहे. लबाड मागायला येतो, ठीक. मग देणारा देतो का? लंडनमध्येही लबाड सोनारालाच खूण सर्वांत हवी होती. फरक देणाऱ्यात होता. ट्रस्टीची फी शिक्का मागणारे दुकान भरत होते, आणि शिक्का खोटा ठरला तर ग्राहकाला भरपाई देण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने जे बाहेर काढले ते वाचताना मला तो संत डन्स्टनचा दिवस आठवला. २००६ ते २०१३ दरम्यान ट्रस्टीने हजाराहून अधिक वेळा वार्षिक फेरतपासणी केलीच नव्हती. शिक्का दरवर्षी नवा होतो असे सांगायचे, आणि अक्षर मात्र बदलायचे नाही! शिवाय २००८ मध्ये ती नफा कमावणारी कंपनी झाली होती, तरी शिक्काधारी दुकानांच्या पानांवर ती सेवाभावी संस्था म्हणून मिरवत राहिली. दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. २०१७ मध्ये कंपनीने नावच बदलले.

उलट उदाहरण जर्मनीत आहे. कोलोनची ट्रस्टेड शॉप्स १९९९ मध्ये निघाली, तीही दुकानाकडून फी घेते, तरी तिचा शिक्का युरोपात टिकला. मी त्याचे श्रेय जर्मन शिस्तीला देत नाही. त्या शिक्क्याला खरेदीदाराच्या पैशांची हमी जोडलेली आहे. माल आला नाही तर ग्राहक दाद मागतो ती शिक्केवाल्याकडे. हे मेरिलच्या विमा कंपन्यांचे घराणे.

वेबट्रस्टही एका वेगळ्या रूपात जगले. दुकानांना देण्याचा बिल्ला मागे पडला, आणि आज त्या नावाने तपासणी होते ती ब्राउझरसाठी प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्यांची. खूण मारणाऱ्यांवर खूण, पुन्हा तेच. त्या प्रमाणपत्राची खूण म्हणून ब्राउझरमध्ये दिसणारे खुद्द कुलुपाचे चिन्ह मात्र क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये काढून टाकले, कारण ठगांच्या पानांवरही कुलूप असते आणि लोक ते सचोटीचे लक्षण समजत होते.

आणि आपण? आपण बिल्ल्यांच्या नादी फारसे लागलोच नाही. नागपूरच्या मध्यवर्ती अ‍ॅगमार्क प्रयोगशाळेची परंपरा आपल्याकडे होती, १९३७ च्या कायद्यापासूनची. पण इंटरनेटवरच्या दुकानदाराला भारतीय गिऱ्हाइकाने दुसरीच अट घातली: आधी माल, मग पैसे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये घरपोच रोख सुरू केली तेव्हा तिचे कौतुक नवी कल्पना म्हणून झाले. टपाल खाते हेच व्हीपीने, म्हणजे पुडके हाती देताना पैसे घेऊन, १८७७ पासून करत होते. 'व्हीपी सोडवणे' हा वाक्प्रचार ज्या घरांत रुळला होता त्यांना कॅश ऑन डिलिव्हरी समजावून सांगावी लागली नाही. व्हीपीत खोट होती, पैसे भरल्याशिवाय पुडके फोडता येत नसे, आणि आत पुस्तकाऐवजी रद्दी निघाली तर पोस्टमन काय करणार? तरी शिक्क्याविना विश्वास उभा करण्याचा तो सर्वांत मोठा प्रयोग होता, असे माझे मत आहे.

अलीकडे ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी बीआयएसने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे, आणि उद्या त्याचाही बिल्ला दुकानांच्या तळाशी झळकेल. तसे झाले तर बीआयएसने आपल्याच दुसऱ्या खात्याकडे पाहावे. २०२१ मध्ये दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आला. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की सराफाची नोंद कळते, टंच कोणत्या केंद्राने आणि कोणत्या तारखेला काढला तेही कळते. २०१७ मध्ये घालवलेले अक्षर मागच्या दाराने परत आले आहे, आणि या वेळी वही प्रत्येकाच्या खिशात आहे. ऑनलाइन दुकानाच्या बिल्ल्यावरही बोट ठेवून पाहा. तपासणाऱ्याचे नाव, तपासल्याची तारीख आणि भरपाई कोण देणार ते उघडले, तर तो शिक्का. नुसते चित्र हलले नाही, तर व्हीपीने मागवा.